नांगराची खबर

सन 1920 मध्ये औंध संस्थानातील एका माळावर वसलेल्या नांगरांच्या कारखान्याने एक छोटेखानी नियतकालिक काढले आणि त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’ असे ठेवले. ‘खबर’ हा शब्द फारसी अमदानीतून मराठीत आलेला. बाजारभावाची, पाऊसपाण्याची, परमुलुखातल्या हालहवालाची अशी कसलीही खबर असो, पेढीवर आणि पारावर तो सारखाच रुळलेला. लोखंड ओतून ज्याचे पोट चालते त्या कारखानदाराने मालाचे सूचीपत्रक छापले असते तर कोणाला नवल वाटले नसते. पण दर महिन्याला अपरिचित माणसांना खबर धाडण्याचा पत्कर त्याने का घ्यावा, हे ध्यानी येण्यासाठी त्याआधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये अंतर कसे पडत गेले, हे पाहावे लागते.

गावगाड्यात लोहाराला किंवा सुताराला स्वतःची ओळख करून देण्याचा प्रसंगच येत नसे. ज्याच्या पाभरीचा दांडा मोडला तो कुणबी आपण होऊन त्याच्या दारी येई, सुगीला खळ्यावर बलुते घालताना वर्षाच्या कामाची फेड होई, आणि एखादी फास कच्ची निघाली तर तिची वाच्यता त्याच दिवशी पाणवठ्यापर्यंत पोहोचे. आठवड्याच्या बाजारातही माल डोळ्यांपुढे असे आणि विकणाराही समोर असे. घासाघीस होई ती किमतीची, विश्वासाची नव्हे. दवंडी पिटली जाई ती सरकारी हुकमाची. कुंभाराने आपल्या मडक्यांची दवंडी पिटली, असे कोणी ऐकले नसेल.

ही घडी आगगाडीने विसकटली, आणि टपालखात्याने तिची निराळ्या रीतीने पुन्हा मांडणी केली. 1877 साली व्ही. पी.ची, म्हणजे माल पोचवून किंमत वसूल करण्याची, पद्धत सुरू झाली. 1879 च्या जुलैमध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले. 1880 मध्ये मनिऑर्डर टपालखात्यातून जाऊ लागली. या तीन सोयींनी आडगावच्या विक्रेत्याच्या हाती जे सामर्थ्य दिले त्याची थोरवी आमच्या आर्थिक इतिहासात पुरेशी सांगितली गेलेली नाही, असे मला वाटते. पाव आण्यात मागणी नोंदविता यावी, पुडके टपालवाल्याने घरपोच आणावे, त्यानेच रक्कम वसूल करावी, आणि ती विक्रेत्याच्या गावी परत पोहोचवावी, अशी सारी उलाढाल दलाल नाही, आडत्या नाही, शहरात दुकान नाही, अशा माणसाच्या आवाक्यात आली. 1872 मध्ये पनवेलीस स्थापन झालेल्या धूतपापेश्वरसारख्या औषधशाळेची, एखाद्या ग्रंथप्रकाशकाची किंवा बी-बियाणे विकणाऱ्याची गिऱ्हाइके यामुळे दूरदूरच्या तालुक्यांतून निर्माण होऊ शकली, आणि जाहिरातींच्या तळाशी ‘टपालहशील निराळे’ हे शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले.

परंतु व्ही. पी.मध्ये एक मेख होती. घेणाऱ्याने ती सोडवून घेतली नाही, तर पुडके जसेच्या तसे परत येई आणि टपालाचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथी बसे. न पाहिलेल्या मालासाठी न पाहिलेल्या माणसाला पैसे मोजण्यास सामान्य गृहस्थ का कचरतो, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक लहान धंदेवाल्यापुढे उभा राहिला; आणि पुष्कळांनी त्याला जे उत्तर दिले ते आवाज चढविण्याचे होते. गुण रामबाण, माल अस्सल, बाकीचे सारे नकली, ही त्या उत्तराची भाषा. सगळेच ओरडू लागल्यावर वाचकाला कोणाचेच खरे वाटेना, यात त्याचा दोष नव्हता.

या पार्श्वभूमीवर किर्लोस्करांची वाट निराळी ठरते, आणि तिचा आरंभ नांगराच्याही पूर्वीचा आहे. चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. 1888 मध्ये त्यांनी बंधू रामूअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली धाडाव्यात, आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकून घेणाऱ्याला चालवायलाही शिकवाव्यात, असा तो व्यवहार होता. जी वस्तू लोकांनी कधी वापरलेलीच नाही ती विकायची तर विक्रेत्याला काही काळ शिक्षक व्हावे लागते, हा धडा या दोघा भावांनी त्या दुकानात गिरविला. पुढे लोखंडी नांगर तयार झाला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत आडवी आली, आणि पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगांनी भरलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याच्या मनातील ती समजूत काही नांगराच्या किमतीत सूट देऊन जाणारी नव्हती. तिच्याशी बोलावे लागणार होते.

हे बोलण्याचे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे आले. शंकरराव (1891–1975) हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रांचा हात असलेले गृहस्थ. कारखान्याच्या जाहिरातींचे खाते त्यांनी सांभाळले आणि ‘खबर’ही त्यांनीच चालविली. आरंभी ती कारखान्याची आणि कारखान्याच्या मालाची खबर होती, यात आडपडदा नव्हता. परंतु केवळ आपल्याविषयी बोलणाऱ्याचे दुसऱ्या महिन्यात कोण ऐकणार? हळूहळू तिच्यात उद्योगधंद्यांची माहिती आली, स्वावलंबनाचे लेख आले, समाजसुधारणेची चर्चा आली, आणि ज्याला नांगर घ्यायचाच नव्हता असा शिक्षक किंवा कारकूनही तिची वाट पाहू लागला. पुढे ‘खबर’ हा शब्द गळून मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले (मला मात्र तो शब्द गेल्याची चुटपुट वाटते), आणि 1930 नंतरच्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध याच मासिकात आले. ज्या कारखान्याने लोखंड मातीला विष नाही, हे पटविण्यासाठी तोंड उघडले होते, त्याच्याच मासिकाने पुढे अंधश्रद्धेवर प्रहार करावेत, यात मला एक सरळ संगती दिसते. दोन्ही ठिकाणी झगडा प्रचीती न घेतलेल्या भयाशी होता.

आज कोकणातील एखादी गृहउद्योग चालविणारी बाई आमसुले कशी वाळत घालतात, आगळ आणि सरबत यांत फरक काय, हे आपल्या अनुदिनीवर किंवा मोबाइलच्या गटावर लिहिते, मुंबई-पुण्याची मागणी तिथेच नोंदवून घेते, आणि पैसे 2016 पासून चालू झालेल्या यूपीआयने क्षणात जमा होतात, तेव्हा पाव आण्याच्या कार्डाचे आणि मनिऑर्डरीचेच काम ती नव्या साधनांनी करून घेत असते. माल हाती पडल्यावर पैसे देण्याची जी सवड आजच्या संकेतस्थळांवर असते ती तर व्ही. पी.चीच नात होय. पुडके परत येण्याचा भुर्दंडही तिच्यासोबत वारशाने आलेला आहे. अशा बाईने ‘आमच्याकडे अस्सल माल मिळेल’ एवढेच रोज लिहिले तर ते कोणी वाचीत नाही. परंतु यंदा पाऊस लवकर आल्याने रातांबे झाडावरच कसे भिजले आणि म्हणून आमसुले थोडीच झाली, हे तिने प्रांजळपणे लिहिले, की ठाण्याच्या चाळीत बसलेली गृहिणी पुढच्या मोसमाची मागणी आधीच नोंदवून ठेवते. तिला त्या मजकुरात बाजारातल्या पाटीपलीकडचे माणूस भेटलेले असते. ‘खबर’ वाचून नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्याचे जे दर्शन होई ते याच जातीचे असावे.

शंकररावांच्या ‘खबर’च्या कामाचा पसारा पुढे कारखान्यात मावेनासा झाला. 1930 मध्ये त्यांनी ‘स्त्री’ हे मासिक काढले, 1934 मध्ये ‘मनोहर’. आणि कुंडल रोड या स्टेशनाला किर्लोस्करवाडी असे नाव मिळाले. नांगर जिथे ओतले जात त्याच वाडीतून, त्याच टपालाने, शेतकऱ्याच्या घरातील लेकीसुनांच्या नावाने अंक जाऊ लागले.