लोह पेरलेल्या पाण्याचा हिशेब

लोह पेरून वनस्पतिप्लवक वाढवले आणि समुद्र हिरवा झाला म्हणजे हवेतला कार्बन तळाशी गेला, असे धरून चालता येत नाही. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसोबत २००९ मध्ये केलेल्या ‘लोहाफेक्स’ मोहिमेने हे दाखवून दिले. जर्मनीत विरोध झाला, प्रयोग काही दिवस अडला. तो पुढे होऊ दिला हे फार बरे झाले. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात दोन-दोन टन लोह दोनदा सोडले आणि ३०० चौरस किलोमीटरचा तो पट्टा ३९ दिवस तपासला. वनस्पतिप्लवकांची उत्पादकता दुप्पट झाली. पण जेमतेम काही मिलिमीटरांचे कोपेपॉड नावाचे प्राणिप्लवक त्यांचा फडशा पाडत राहिले. बराचसा कार्बन वरच्याच थरांत राहिला, काही श्वसनावाटे पुन्हा पाण्यात विरला. खोल उतरणारा कार्बन आजूबाजूच्या पाण्याइतकाच भरला.

यावर आक्षेप असा, की तिथे सिलिका फारच कमी होती, त्यामुळे सिलिकेचे कवच घडवणारे डायटम हे जड वनस्पतिप्लवक वाढलेच नाहीत. मग एवढ्यावरून लोहाला नापास का करायचे? आक्षेप रास्त आहे. २००४ च्या ‘आयफेक्स’ प्रयोगात सिलिका होती, डायटम फोफावले आणि खरोखर खोल बुडाले. पण यातून लोहाची बाजू भक्कम होत नाही. कोणते पोषक द्रव्य कमी आहे आणि कोण कोणाला खाते, यावरच कार्बनचा मुक्काम ठरतो, आणि दक्षिण महासागराच्या उत्तरेकडच्या पाण्यात सिलिकेची टंचाई नेहमीचीच आहे.