कातभट्टीपासून वीटभट्टीपर्यंत

आपल्या मोहोपाड्यातील पुष्कळ कुटुंबे रसायनीच्या कारखान्यांमुळे येथे आली. त्यामुळे या मुलुखाचा इतिहास कारखान्यापासूनच सुरू होतो, असा समज सहज होतो. वस्तुतः पाताळगंगेच्या खोऱ्यातील रानांत त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या दुसराच एक कारखाना चालू होता. कातकरी लोक खैर तोडून त्याचा लाल गाभा तासीत, ढलप्या मडक्यांत उकळीत आणि तो रस आटवून पानात घालावयाचा कात करीत. लाकूड, आच आणि वेळ यांचा हिशेब ज्यास तोंडपाठ, त्यास अडाणी कोणत्या तोंडाने म्हणावे?

1878 चा वनकायदा आला, रानावर सरकारचा ताबा घट्ट झाला आणि हा धंदा हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, पुढे विटांच्या. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेऊन सारे कुटुंब भट्टीवर जाते, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतते. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली खरी. परंतु उचलीचे कर्ज अजूनही माणसास बांधून ठेविते.

1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील दशकात रसायनीस तिचे उत्पादन सुरू झाले. कारखान्यास फिटर हवा, वेल्डर हवा. त्यास आयटीआयचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्याआधी शाळेच्या काही इयत्ता. ज्या मुलाची चौथी भट्टीवरच्या झोपडीत बुडाली, त्याने ती पायरी चढावी कशी? कारखान्याचे फाटक वाडीपासून हाकेच्या अंतरावर असले, तरी ही वाट फार लांबची होती.

या कोड्याचे उत्तर वारली मुलुखात आधीच सापडले होते. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिले. अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या आणि 1957 साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात. तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मूल गैरहजर असले तर त्यास दोष न देता, त्या वेळी ते कोठे असते हे जाऊन पाहावे, एवढीच ती युक्ती. माझ्या मते मोठमोठ्या योजनांहून ती थोर आहे. पुढे 1990 च्या दशकात वसई तालुक्यातील उसगावच्या विधायक संसदेने वीटभट्टीवरील झोपड्यांतच, म्हणजे भोंग्यांतच, वर्ग भरविले, त्या भोंगाशाळा.

हाताच्या कामाचे शिक्षण पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. पनवेल तालुक्यात ताऱ्यास युसुफ मेहेरअली सेंटर आहे. 1961 साली स्थापन झालेल्या या संस्थेने शाळांबरोबरच तेलघाणी, साबण आणि कुंभारकाम हे उद्योग चालविले. असा धंदा माणसाच्या गावातच राहतो. मोठ्या कारखान्याचे तसे नाही. 2017 साली केंद्र सरकारने रसायनीचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनास लागणारे रसायन करणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला.

वीटभट्ट्या मात्र दिवाळीनंतर पेटतातच. जून उजाडला की परतलेली मुले शाळेच्या दारात उभी राहतात, आणि त्यांस कोणत्या वर्गात बसवावे हा प्रश्न गुरुजींस दर वर्षी नव्याने पडतो.