न मोजलेली गळती

इथे सेम्बावांगला विजेच्या तारा जमिनीखालून येतात. दिवा क्वचितच मंदावतो. आपल्या गावाकडे मात्र पंप सुरू झाले की बल्ब लालसर व्हायचा. दाब घसरला की मोटार जास्त प्रवाह ओढते आणि वायंडिंग जळते. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की तारेतील नुकसान चौपट होते.

उपाय जुनेच आहेत. १९१५ साली टाटांनी खोपोलीची वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईला आणली, ती याच हिशेबाने. शेताजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर आणि पंपाला कपॅसिटर ही त्याच हिशेबाची धाकटी रूपे.

मग गळती का राहिली? कारण ती मोजलीच जात नव्हती. बहुतेक शेतीपंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर; हिशेब न लागणारी वीज शेतीच्या नावे मांडली जाई. नव्वदच्या दशकात वीज मंडळ गळती १८ टक्क्यांच्या आसपास सांगत असे. १९९९ साली राज्याचा वीज नियामक आयोग आला. २००० सालच्या दरनिश्चितीत पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकड्यांना आव्हान दिले आणि गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली.

इतकी वर्षे तिचा बोल शेतकऱ्याला लागला. मोटारही त्याचीच जळत होती.