चासीवर बसून लातूरला

टाटांच्या पिंपरीतल्या कारखान्यातून निघालेला नवा ट्रक पूर्वी ट्रकसारखा दिसतच नसे. पुढे बॉनेट, काच आणि स्टिअरिंग, मागे दोन लांब लोखंडी तुळया, चाकं आणि डिझेलची टाकी. ना दारं, ना छप्पर, ना हौदा. ड्रायव्हरच्या बुडाखाली खोकं किंवा फळी, डोळ्यांवर गॉगल, कानाला मफलर. हा सांगाडा म्हणजे चासी. ती सोलापूर, तुळजापूरचा घाट, औसा अशी साडेतीनशेहून अधिक किलोमीटर हाकत लातूरला न्यायची. नांदेडचा मालक असेल तर अहमदपूर-लोह्याच्या वाटेने आणखी पुढे. पिंपरीत ट्रक बनू लागण्याआधी तर टाटांची चासी जमशेदपूरहून यायची आणि अर्धा देश उघड्यावर ओलांडावा लागायचा. पाऊस आला तर अंगावरच घ्यायचा.

कॅलिफोर्नियात याच्या आधीच्या पिढीतली पोरं वेगळा उद्योग करत होती. १९३२ची जुनी फोर्ड घ्यायची, तिचे मडगार्ड काढायचे, टप कापून बुटका करायचा, इंजिनाची ताकद वाढवायची आणि मुरॉकच्या कोरड्या तळ्यात सुसाट सोडायची. त्या हौसेचं ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक जानेवारी १९४८मध्ये निघालं. तिथे अख्खी गाडी घेऊन तिच्यातलं काढून टाकत. मराठवाड्यात कारखानाच अर्धी गाडी देई आणि उरलेली सुतार-लोहाराकडून बांधून घ्यावी लागे. हौस इथेही होती, पण ती हप्ते फेडून उरलेल्या पैशांत रंगाऱ्याच्या वाट्याला येई.

या भागात ट्रक एवढा रुजला, त्याला रेल्वेचाही हातभार आहे. लातूरला रेल्वे १९११मध्ये आली खरी, पण ती बार्शी लाइट रेल्वे कंपनीची, अडीच फुटी रुळांची. लातूरच्या आडतीवरून निघालेली तुरीची पोती कुर्डूवाडीला उतरवून मोठ्या गाडीत चढवावी लागत. नांदेड मनमाड–हैदराबाद मार्गावर होतं, तोही मीटरगेज. म्हणजे मनमाडला पुन्हा तीच हमाली. ट्रकमध्ये मात्र डाळमिलच्या दारात भरलेलं पोतं थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरे. लातूरची ती छोटी लाइन ब्रॉडगेज होईस्तोवर २००८ साल उजाडलं, आणि तोवर डाळीच्या व्यापाऱ्यांना ट्रकची पुरती सवय झाली होती.

माणसांची वाहतूक मात्र सरकारने लवकर हाती घेतली. निजामाच्या रेल्वेखात्याने १५ जून १९३२ रोजी २७ बसगाड्यांनिशी रस्ता-वाहतूक सुरू केली. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ती १ जून १९४८ला. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, गाडी बेडफर्डची, बॉडी लाकडी आणि वर कापडी छत. त्या दिवशी नांदेड-लातूर अजून निजामाच्याच राज्यात होते. पुढे एसटीनेही चासी विकत घेऊन बॉडी घरीच बांधायचा शिरस्ता पाडला. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूर इथल्या तिच्या कार्यशाळांत लाल गाड्या घडत आल्या. एवढी मोठी सरकारी संस्थासुद्धा आपली गाडी आपणच बांधत होती, हे एसटीवर चिडणाऱ्या प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही.

ट्रकवाल्याची कार्यशाळा म्हणजे हमरस्त्याकडेची पत्र्याची शेड. तिथे चासी आठवडेच्या आठवडे उभी राहायची. चासीच्या तुळईला वरून भोक पाडायचं नाही, हा पहिला नियम. भोकाशी तुळई कमजोर होते आणि ओझ्याखाली तिथेच चिरते. म्हणून आडवी लाकडं टाकून ती यू-बोल्टने तुळईला आवळायची, त्यावर फळ्यांचं बूड आणि मग फाळके. माल कोणता, यावर सगळा बेत ठरे. धान्याची क्विंटलची पोती वाहायची तर बूड भक्कम हवं. नांदेड कापसाचा मुलूख. इथल्या संशोधन केंद्रात तयार झालेलं ‘नांदेड-४४’ वाण पुढे दूरदूरच्या शेतांत गेलं. कापूस वजनाला हलका पण जागा खाणारा, त्यामुळे त्या गाडीचे कठडे उंच. केबिनही लाकडाचीच, वर ताडपत्री आणि दोर ठेवायला टप, आणि ड्रायव्हरच्या मागे क्लीनरला आडवं होण्यापुरती फळी. शेवटी रंगारी येई. मागच्या फाळक्यावरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ तर इतकं रुळलं की २०१५मध्ये ते पुसायला महाराष्ट्र सरकारला आदेश काढावा लागला.

कायद्याला हे सगळं ठाऊक होतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं ४३वं कलम तात्पुरती नोंदणी महिनाभराची देत असे. पण गाडी म्हणजे नुसती चासी असेल आणि बॉडीसाठी कारखान्यात अडकली असेल, तर फी भरून मुदत वाढवण्याची सोय त्याच कलमात होती.

ही मोकळीक बॉडीपुरतीच. इंजिनासकट अख्खी गाडी बांधणाऱ्याचं काय होई, ते इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी अनुभवलं. १९४९मध्ये त्यांनी दोन माणसांची छोटी मोटार केली, ‘मीरा’. इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचं. पुढची पंचवीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले आणि बारा हजारांच्या आसपास किमतीत ती विकता येईल असं सांगत राहिले. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी कौतुकाने पाहिली, पण तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. परवान्यांच्या त्या काळात कारखान्याची चासी घेऊन आलेल्या लातूरच्या सुताराला जे जमलं, ते कुलकर्णींना जमलं नाही. दोघांच्या कसबात फरक असेलही, पण निकाल कसबावर लागला नाही. पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलेल्या उत्तरेतल्या ‘जुगाड’ गाड्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये स्पष्ट सांगितलं की हेही मोटार वाहनच, नोंदणी आणि बाकीचे नियम यालाही लागू.

आता सुतारासाठीही नियम आले आहेत. ट्रकच्या केबिन आणि बॉडीसाठी एआयएस-०९३ ही संहिता आहे, आणि लाकडी केबिनची जागा कारखान्यातून येणाऱ्या पोलादी केबिनने घेतली आहे. रस्त्याकडेच्या शेडमध्ये मुख्यतः मागचा हौदा, टँकर किंवा टिपर बांधायचं काम उरलं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांची केबिन तर वातानुकूलित असणं सक्तीचं झालं आहे.