मीरा मोटार : नांगराला मासिक मिळाले, मोटारीला नाही

आमच्या भागात 'मीरा' मोटारीची गोष्ट बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी, अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसताना, स्वतःच्या हिकमतीवर छोटी मोटार तयार केली. दिल्लीने तिला परवानगी दिली नाही. आणि पुढे जपानी कंपनीच्या गाडीसाठी आपल्या माणसाचा बळी गेला. माधवनगर-सांगलीकडे ही गोष्ट सांगणारा शेवटी एक सुस्कारा टाकतो आणि विषय तिथेच संपतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही रचना परिचयाची वाटेल : गुणी नायक, आंधळा दरबार, परका प्रतिस्पर्धी. आमचा आक्षेप या गोष्टीतील दुःखाला नाही. तो तिच्या घाटाला आहे, कारण या घाटाने मोटारीचा इतिहासच झाकून टाकला आहे.

म्हणून आधी मोटारीकडे पाहू. शंकररावांनी चाळिशीच्या दशकात या कामाला हात घातला आणि १९४९ मध्ये दोन माणसांची पहिली गाडी उभी केली. त्यानंतर सुमारे दोन दशके ते नवनवे नमुने बांधत राहिले. १९७० च्या सुमाराच्या नमुन्यात दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्या बाजूला होते आणि सस्पेन्शन रबराचे होते. किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा विचार होता. या तपशिलांतून एक धोरण दिसते. इंजिन मागे बसवले की मागची चाके फिरवण्यासाठी गाडीच्या पोटाखालून लांब दांडा न्यावा लागत नाही. पोलादी पाट्यांच्या जागी रबर आले की वजन घटते आणि वंगणाची कटकट उरत नाही. सुटे भाग कमी, म्हणून खर्च कमी आणि दुरुस्ती सोपी, हा विचार प्रत्येक ठिकाणी आहे. एकाच संहितेचे एकामागून एक खर्डे लिहिणाऱ्या लेखकाची चिकाटी या नमुन्यांत आहे. शेवटचा खर्डा मात्र छापखान्यापर्यंत गेला नाही.

हाच विचार त्या काळी युरोपातही चालू होता. इटलीतील फियाटने १९५७ मध्ये मागे दोन सिलिंडरांचे इंजिन असलेली 'फियाट ५००' आणली, तर १९५९ च्या ब्रिटिश 'मिनी'ने रबरी सस्पेन्शन वापरले. शंकररावांनी कोणाचे पाहून केले की कोणी त्यांचे पाहून केले, हा वाद आम्हांला निरर्थक वाटतो. महत्त्वाचे हे की, कमी पैशांत चार चाके कशी द्यावीत, हा जगातील मोठमोठ्या कारखान्यांपुढचा प्रश्न यंत्रमागांच्या एका गावातही त्याच गांभीर्याने सोडवला जात होता.

आता लोककथेतील खलनायकाकडे वळू. सुझुकीशी भारत सरकारच्या मारुती उद्योगाचा करार झाला ऑक्टोबर १९८२ मध्ये आणि पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ रोजी. 'मीरा'चा प्रगत नमुना त्याआधी बारा-तेरा वर्षे तयार होता. जपानी गाडीने दार कायमचे लावले, असे फार तर म्हणता येईल. पण ते दार त्याआधीची तीन दशके कोणी उघडलेच नव्हते.

मग दोष परवाना पद्धतीचा? बऱ्याच अंशी होय. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने मोठ्या उत्पादनासाठी सरकारी परवाना आवश्यक केला. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनंतर प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटारींच्या धंद्यात स्थान उरले आणि पुढे देशातील मोटारींची बाजारपेठ मुख्यतः हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि स्टँडर्ड या तिघांची झाली. १९६० मध्ये झा समितीने स्वस्त, छोट्या गाडीची शिफारस केली होती. त्यानंतरही दशकभर या गाडीची चर्चाच होत राहिली.

परंतु परवाना हेच सगळे उत्तर असते, तर संजय गांधींची मोटार रस्त्यावर धावली असती. १९७० मध्ये त्यांना वर्षाला पन्नास हजार गाड्यांसाठी सरकारी इरादापत्र मिळाले, १९७१ मध्ये मारुती मोटर्स लिमिटेड स्थापन झाली. सत्ता, जमीन, कर्ज सारे हाताशी होते. तरीही गाडी बाजारात आली नाही आणि १९७८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. एक नमुना बांधणे आणि तीच गाडी हजारदा सारखी बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे यावरून दिसते. दुसऱ्या कामाला साचे, ओतकाम, सुट्या भागांचे पुरवठादार, विक्रेते आणि तोटा सोसणारे भांडवल लागते.

या संदर्भात बव्हेरियातील डिंगोल्फिंग या लहान गावाचे उदाहरण बोलके आहे. तेथील हान्स ग्लास यांचा कारखाना पेरणी यंत्रे बनवणारा. त्याने १९५१ मध्ये स्कूटर आणि १९५५ मध्ये 'गोगोमोबिल' ही चिमुकली मोटार काढली. १९६९ पर्यंत तिच्या अडीच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. शेतीची अवजारे आमच्याकडेही होत होती आणि कसबी मिस्त्री आमच्याकडेही होते. पण ग्लास यांच्याजवळ आधीच चालता कारखाना होता, सुटे भाग देणारे उद्योग आजूबाजूला होते आणि छोटी मोटार परवडणारा मध्यमवर्ग वाढत होता. एका माणसाची प्रतिभा आणि राष्ट्राची परवानगी यांच्या मधली ही पायरी इचलकरंजीला नव्हती.

एके काळी मात्र ती होती. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा जहागिरीचे अधिपती नारायणराव घोरपडे त्यांच्या पाठीशी उभे होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती औंध संस्थानच्या जमिनीवर आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आधारावर. संस्थानिकांची कृपा लहरी असे, तिला लोकशाहीचे नियम नसत, हे खरेच. परंतु माळरानावर उभा असलेला उद्योजक आणि निर्णय घेणारा माणूस यांच्यातील अंतर एका दिवसाच्या प्रवासाचे असे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. 'मीरा'चा पहिला नमुनाही १९४९ चाच. जुना आश्रयदाता गेला त्याच वर्षी ही मोटार जन्मली. नवा आश्रयदाता दिल्लीत होता आणि तो अर्जाच्या भाषेत बोलत असे.

आणखी एक आधार 'मीरा'ला मिळाला नाही. आपल्या क्षेत्राच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. किर्लोस्करांनी नांगराबरोबर छापखानाही चालवला. १९२० मध्ये कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून निघालेली 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घरोघरी पोचली. त्याच शं. वा. किर्लोस्करांनी लक्ष्मणरावांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' लिहिले. प्रीमियर मोटारीचे जनक वालचंद हिराचंद यांनाही गं. दे. खानोलकरांसारखा चरित्रकार लाभला. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून वालचंद यांचे नाव आहे. नांगराला मासिक मिळाले, कारखानदाराला चरित्र मिळाले. 'मीरा'च्या वाट्याला वर्तमानपत्री कौतुक आणि सुस्कारे आले. ज्या वस्तूभोवती लेखन साचत नाही, तिची दंतकथा होते. आणि दंतकथेत तपशील टिकत नाहीत, फक्त तक्रार टिकते.

या तक्रारीचे नुकसान दुहेरी आहे. शंकररावांना केवळ बळी ठरवले की त्यांनी काय केले हे विचारायचे राहते आणि काय झाले नाही एवढेच उरते. शिवाय खलनायक दिल्लीत वा जपानमध्ये सापडला की आपल्या गावांतील भांडवल, बँका, शिक्षणसंस्था त्या वीस वर्षांत कुठे होत्या, हा अवघड प्रश्न विचारण्यातून आपली सुटका होते. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुस्तकी यंत्रविद्या आणि लेथवरची यंत्रविद्या एकमेकींपासून फार लांब नव्हत्या. पण त्यांना जोडणारी भाषा आपण घडवली नाही, आणि भाषेची ही उणीव आम्हां साहित्याच्या शिक्षकांच्या खात्यावर जमा होते.

ग्रामीण साहित्याने शेत, चावडी, पाणवठा यांचे शब्द मराठीत आणले. ओतशाळेतील वाळूचे साचे, लेथवरचा तुकडा, नवख्या पोराला बोटांनी माप ओळखायला शिकवणारा मिस्त्री हे जग मात्र आपल्या साहित्यात अजूनही अपवादानेच दिसते. कोल्हापूरचे उद्यमनगर, इचलकरंजीचे माग, सांगली-मिरजेचे कारखाने येथे या जगाचे जाणकार वयोवृद्ध होऊन बसले आहेत. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी एका मिस्त्रीच्या तोंडून त्याच्या कामाची शब्दावली आणि त्याच्या धंद्याची हकीकत टिपून घेतली, तर त्या प्रबंधिकेचे मोल एखाद्या कवितासंग्रहाच्या दहाव्या आस्वादापेक्षा कमी नसेल. 'मीरा'ला कारखाना देणे आता कोणाच्याच हाती नाही. तिच्या नंतरच्या यंत्रांना आणि माणसांना लेखन मिळवून देणे मात्र आपल्या हातात आहे.