बंबाची मोड

न्हाणीघरातला तांब्याचा बंब बदलायला किती खर्च येतो, हे पूर्वी दोन गोष्टींवर ठरे: तांब्याचा भाव आणि घडणावळ. जुना बंब तागडीत पडे. त्यातून काट, राख आणि सांधे जोडणाऱ्या डागाच्या धातूची घट वजा होई, आणि उरलेल्या वजनाची किंमत नव्या बंबाच्या किमतीतून कापली जाई. हीच मोड. मोडीचा भाव नव्या पत्र्यापेक्षा कमी असे आणि सगळी घासाघीस चाले ती किती कमी, यावर. ‘मोडीत काढणे’ म्हणजे निकामी ठरवणे, असा अर्थ आज रूढ आहे. तांब्यापितळेच्या व्यवहारात मात्र मोड ही घरातली शिल्लक समजली जाई.

बंबाच्या आधी, आणि अनेक घरांत त्याच्या बरोबरीनेही, आंघोळीचे पाणी तापे ते चुलाण्यावरच्या हंड्यात. चुलाणे दगडमातीचे, घरच्या घरी लिंपून नवे होणारे; त्याच्या खर्चाचा प्रश्नच नव्हता. हंड्यातले कढत पाणी घंगाळात काढायचे आणि त्यात गार पाण्याचे विसण घालायचे. गोव्यात न्हाणीतल्या अशा मोठ्या तांब्याच्या भांड्याला भाण म्हणतात. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ते लख्ख घासून, फुलांची माळ घालून पाण्याने भरून ठेवण्याची तिथली चाल आहे. चुलाण्याच्या या पद्धतीत पाणी भरपूर तापे, पण बरीच आंच हंड्याच्या बाजूने निसटून जाई आणि सरपण फार लागे.

बंबाने ही आंच पाण्याच्या पोटात नेली. बाहेरून उभे नळकांड्यासारखे भांडे, मधोमध आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी, खाली राखेची जागा आणि अंगाला पितळी तोटी, एवढीच त्याची रचना. विस्तव नळीत आणि पाणी तिच्या भोवती, त्यामुळे थोड्या जळणात काम भागे. ढलप्या, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे, कणसांची बुरकुंडे असे चुलीत न चालणारे काहीही त्यात खपे. रशियातला समोवार याच तत्त्वावर चालतो. ‘बंब’ हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोम्बा’वरून आल्याचे मानले जाते, आगीचा बंबही त्याच घराण्यातला. एकाच शब्दाने आग विझवणारे आणि आग पोटात बाळगणारे अशी दोन्ही यंत्रे ओळखली जावीत, ही मराठीची गंमत.

बंब सहसा एकदम मोडीत जात नसे. आधी झिजे ती आतली नळी, कारण तिच्या एका बाजूला विस्तव आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी असेपर्यंत तांबे फार तापत नाही. पाणी न भरता जाळ केला, तर सांध्याचे डाग वितळून बंब गळू लागे. म्हणून आधी पाणी, मग विस्तव, हा घराघरांतला नियम. गळका बंब तांबटाकडे जाई. तो डाग देई, नळी बदली, तोटी घट्ट करी, आणि बाहेरचे भांडे तसेच पुढे चाले. पुण्यात हे काम कसबा पेठेतल्या तांबट आळीत होई. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. त्यांची खासियत मठारकाम. हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर उमटणारे चकचकीत ठिपके दिसायला शोभिवंत असले, तरी मुळात ते कामाचे आहेत: तांबे गार असताना ठोकले की कडक होते आणि भांडे सहज पोचत नाही. घडणावळ द्यायची ती या ठोक्यांची. मोड देताना ती परत मिळत नसे, मिळे फक्त धातू.

बंबाचे हे गणित मुंबईच्या चाळीत जमेना. एका खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीत धूर करणारे काही ठेवणे अवघड, आणि गोवऱ्याही विकतच्या. तिथे कोळशाची किंवा भुशाची शेगडी, पुढे रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यावर पातेले आले. 1955 साली बर्मा-शेलने मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरमधला गॅस आणला आणि हे पातेले हळूहळू गॅसवर चढले. पुण्यात वाडे पाडून फ्लॅट उभे राहिले तशी न्हाणीघराची बाथरूम झाली. तिला धुराडे नव्हते. बंब गॅलरीत गेला, मग माळ्यावर. काही कारागिरांनी त्यात विजेची कॉइल बसवून त्याचे आयुष्य वाढवले, तर अनेक घरांत प्लॅस्टिकच्या बादलीत सोडायचा हीटरचा रॉड आला.

गीझर हा शब्द आइसलँडमधल्या उष्ण झऱ्याच्या नावावरून आला. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने 1868 साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले, त्याला त्याने हे नाव दिले. मराठी घरांत रुळला तो मुख्यतः विजेचा गीझर. पंचवीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे 0.9 युनिट वीज लागते, म्हणजे दोन किलोवॅटच्या कॉइलला साधारण अर्धा तास. गीझरच्या टाकीचा शत्रू विस्तव नव्हे, पाणी. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार साचतात, आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजत जातो. तो वेळेवर बदलला तर टाकी टिकते. पण तो आत आहे, हेच बहुतेक घरांना ठाऊक नसते. टाकी फुटली की डाग देण्याची सोय नाही, अख्खा गीझर बदलावा लागतो.

या बदलाचे बिलही वेगळ्या जातीचे. गीझरची किंमत, जोडनळ्या, व्हॉल्व्ह, प्लंबरची मजुरी, जुनी वायर बारीक असेल तर वायरमनची, आणि वर कर. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा विजेच्या गीझरवर तो 28 टक्के होता. 27 जुलै 2018 पासून 18 टक्के झाला. सौर बंबावरचा कर 2022 च्या जुलैत 5 वरून 12 टक्क्यांवर गेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा 5 टक्क्यांवर आला. त्याच्यासाठी केंद्राच्या 2010 च्या सौर मोहिमेतून काही वर्षे अनुदानही मिळे. गच्चीवरच्या या यंत्रालाही लोक ‘सौर बंब’च म्हणतात, हे विशेष.

गॅस गीझर तुलनेने स्वस्त आणि झटपट, पण बंद बाथरूममध्ये जीवघेणा: कोंडलेल्या हवेत ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो. आत ज्वाळा आणि तिच्यावरून फिरणारे पाणी, म्हणजे नात्याने तो बंबाला सर्वांत जवळचा. त्यातला उष्णता झेलणारा भाग अनेकदा तांब्याचा असतो. जुना गीझर घ्यायला आलेला भंगारवाला आधी तेवढे तांबे आहे का ते बघतो. बाकीचा पत्रा आणि प्लॅस्टिक तो किरकोळ भावात उचलतो.