आधी पाणी, मग लिनक्स?

मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की सुशिक्षित मराठी घरांतून एक आक्षेप हमखास ऐकू येतो: हे हिंजवडीतल्या पोरांचे वाद, जव्हार-मोखाड्याला त्यांचे काय? असे म्हणणारा माणूस बहुधा सज्जन असतो. त्याला वावर-वांगणी आठवत असते. 1992 साली आजच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या त्या पाड्यांवर मुले कुपोषणाने दगावली आणि साऱ्या देशाला जव्हारचे नाव कळले. 2016 मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. मोडकसागर आणि मध्य वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच मोखाड्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हेही त्याला ठाऊक असते. जिथे बाई हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरते, तिथे संगणकाच्या परवान्यातली कलमे कुणी कशाला चघळायची, असा हा पूर्वपक्ष आहे.

त्याच्याजवळ पुरावाही आहे. 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट नावाच्या छोट्या वस्तीतल्या शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप लिनक्स या मुक्त प्रणालीवरच चालत. योजना गाजली, पण भारतात ती पसरली नाही. पेरू देशाने असे लाखो लॅपटॉप घेतले. 2012 मध्ये तिथला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडल्याचे दिसले नाही. मुक्त सॉफ्टवेअर गरिबांच्या शाळेत नेऊन पाहिले आणि काही झाले नाही, असे म्हणायला ही दोन उदाहरणे पुरतात असे अनेकांना वाटते.

या उदाहरणांतून फार तर एवढेच सिद्ध होते, की शिक्षकाला वगळून यंत्र वाटले तर शिक्षण होत नाही. यंत्रातले सॉफ्टवेअर बंदिस्त असते तरी निकाल तोच लागला असता. केरळने 2001 मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळा लिनक्सवर आणल्या. तिथे आरंभ शिक्षकापासून झाला. मास्तरांनीच मास्तरांना शिकवले, पाठ्यपुस्तकाला जुळेल अशी संगणक प्रणाली घडवली, मल्याळम अक्षरे नीट उमटेपर्यंत ती दुरुस्त केली. आज ही व्यवस्था ‘काइट’ या संस्थेकडे आहे. 2 लाखांहून अधिक संगणकांवर ती चालते आणि परवान्यांचे सुमारे 3000 कोटी रुपये वाचल्याचे केरळ सरकार सांगते. मला त्या आकड्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की खेड्यातल्या शाळेतला शिक्षक तिथे दुरुस्ती करणारा झाला. खैराटचा दाखला देणाऱ्याने केरळही सांगितले पाहिजे.

पण हा वाद शाळेपुरता ठेवला तर खरा मुद्दा निसटतो. पूर्वपक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतो: सॉफ्टवेअर अजून मोखाड्याला पोहोचलेलेच नाही, म्हणून ते कोणत्या प्रकारचे असावे हा प्रश्न पुढचा. वस्तुस्थिती उलटी आहे. मोखाड्यातल्या ज्या कुपोषणाच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, त्या कुपोषणाचे मोजमापच आज सॉफ्टवेअरमधून होते. अंगणवाडी सेविका मुलाचे वजन करते, उंची घेते आणि फोनमध्ये भरते. मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषित) मोडते की मॅममध्ये (मध्यम कुपोषित), हे त्या नोंदीतून वर कळते. नोंद झाली नाही तर कागदोपत्री ते मूल भुकेले नसते.

1 मार्च 2021 रोजी केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. त्यांचे म्हणणे साधे होते. आधी मिळालेले फोन 2 जीबी रॅमचे होते. ते नव्या ॲपचे ओझे पेलत नव्हते, तापत होते, अडकत होते आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येत होता. दुसरे म्हणजे ॲप इंग्रजीत होते. मराठीतून शिकलेल्या, वारली-कोकणा घरांत बोलीत बोलणाऱ्या बाईने मुलाचे वजन इंग्रजी रकान्यात भरायचे. संघटनांनी हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेले. पुढे ॲपमध्ये भारतीय भाषा आल्या, त्यात मराठीही आली.

जे काम न्यायालयापर्यंत जाऊन करून घ्यावे लागले, ते मुळात किती होते? पडद्यावरची काही शे वाक्ये मराठीत लिहायची. फायरफॉक्स, लिब्रे ऑफिस, ग्नोम यांची हजारो वाक्ये मराठी माणसांनी, कुणी पगारावर तर कुणी घरचे खाऊन, मराठीत आणली आहेत. त्यासाठी मोर्चा लागला नाही, कारण ती वाक्ये सर्वांसमोर खुली होती. पोषण ट्रॅकरची वाक्ये तशीच खुली असती, तर जव्हारच्या एखाद्या पर्यवेक्षिकेने आणि चार शिक्षकांनी मिळून ती उतरवली असती आणि त्यात ‘नागली’, ‘वरई’ असे तिथल्या स्वयंपाकघरातले शब्दही आले असते. हक्क असता तर काम झाले असते. हक्क नव्हता म्हणून कामाची मागणी करावी लागली.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पोषण ट्रॅकरच्या आधी अंगणवाड्यांत ‘आयसीडीएस-कॅस’ ही प्रणाली होती आणि ती ‘कॉमकेअर’ या मुक्तस्रोत साधनावर उभी होती. ती बंद करताना सेविकांना कुणी विचारले नाही. पाया मुक्तस्रोताचा असूनही निर्णय दिल्लीतच राहिला. मुक्त सॉफ्टवेअरचे कैवारी हा भाग सहसा गाळतात. परवाना खुला असला म्हणजे सत्ता आपोआप वाटली जात नाही. पण परवाना बंद असेल तर ती वाटून घेण्याची वाटच उरत नाही.

‘मोखाड्यात लिनक्स कोण वापरतो?’ या प्रश्नाचे उत्तर लिनक्सच्या चाहत्यांनाही चटकन सुचत नाही. मोखाड्यात लिनक्स जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये जाहीर केलेला आणि 1992 पासून जीपीएल परवान्याखाली असलेला तो गाभा सेविकेच्या हातात आहे. त्या परवान्याने दिलेले वापरण्याचे, पाहण्याचे, बदलण्याचे, वाटण्याचे स्वातंत्र्य मात्र तिच्या हातात नाही. फोन बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आतले सॉफ्टवेअर बदलता येऊ नये म्हणून यंत्राला कुलूप घालतात. काही वर्षांनी त्या नवे बदल पाठवणे थांबवतात. फोनचे लोखंड-काच शाबूत असते, पण फोन निकामी ठरतो.

या कुलपावर जगात मोठा वाद झाला आणि तो सर्वांत पुस्तकी वाद म्हणून ओळखला जातो. टिवो नावाच्या अमेरिकी कंपनीने टीव्हीचे कार्यक्रम साठवणाऱ्या यंत्रात लिनक्स वापरले, परवान्याप्रमाणे त्याचा स्रोतही, म्हणजे मूळ कोडही, दिला, पण बदललेले सॉफ्टवेअर यंत्राने चालवू नये अशी योजना केली. जीपीएल परवाना लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या संस्थेने यावर उपाय म्हणून 29 जून 2007 रोजी जीपीएलची तिसरी आवृत्ती काढली. घरगुती वापराच्या यंत्रात असे सॉफ्टवेअर घालाल तर ते बदलून चालवण्याची सोयही द्या, असे ती सांगते. टोरवाल्ड्सना हे पटले नाही. मी कोड देतो, कोडमधल्या सुधारणा परत मागतो. तुमच्या यंत्राचे काय करायचे ते तुम्ही ठरवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. लिनक्स जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले.

टोरवाल्ड्सचा युक्तिवाद अभियंत्यांच्या दृष्टीने चोख आहे. कोड त्यांना परत मिळतो आणि पुढचे काम चालते. पण तो मोखाड्यातून तपासून पाहा. तिथे कोड परत देणारे कुणी नाही. तिथे आहे तो फक्त शेवटचा वापरणारा, आणि दुसरी आवृत्ती त्याच्यापाशी पोहोचण्याआधीच थांबते. 2021 मध्ये सेविकांनी परत केलेल्या फोनांना ते कुलूप नसते, तर निरुपयोगी बोजा काढून हलकी प्रणाली बसवण्याचा प्रयत्न जव्हारच्या बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला करून पाहता आला असता. या वादात स्टॉलमन बरोबर होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते पटण्यासाठी जव्हारहून चांगली जागा नाही.

‘पण सेविका काय कोड वाचणार आहे?’ हा पुढचा प्रश्न. उत्तर याच पट्ट्याच्या इतिहासात आहे. डहाणू-तलासरीकडे 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचे कर्ज होते आणि त्या कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत होता. वही वारल्याला वाचता येत नव्हती हे खरे. पण त्याहून मोठे दुःख हे होते, की त्याच्या वतीने दुसऱ्या कुणालाही ती उघडून पाहता येत नव्हती. बंदिस्त सॉफ्टवेअर ही तशी वही आहे. प्रत्येकाने कोड वाचावा असे कुणी म्हणत नाही. आपल्या बाजूच्या एका जाणकाराला तो पाहू देण्याचा हक्क असावा, एवढेच म्हणणे आहे.

फुकट मिळते आहे ना, मग घ्यावे, असाही एक सल्ला गरिबांना दिला जातो. डिसेंबर 2015 मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी ‘फ्री बेसिक्स’च्या बाजूने भारतीय वृत्तपत्रात लेख लिहिला, त्यात त्यांनी महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले होते. काही निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीचे इंटरनेट पैसे भरून, अशी ती योजना. देशभरातल्या तरुणांनी तिला विरोध केला, तेव्हा हेच ऐकवले गेले, की शहरी मुले गरिबाच्या तोंडचा घास काढत आहेत. 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक ट्रायने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. त्यामुळे खेड्यातला माणूस इंटरनेटला मुकला नाही. पुढे डेटा स्वस्त झाला आणि त्याच्या फोनवर संपूर्ण इंटरनेट आले. गरिबाचे नाव पुढे करून केलेला तो युक्तिवाद काळानेच खोडला.

मराठीचाही स्वतःचा धडा आहे. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षे आपली कार्यालये, छापखाने, वृत्तपत्रे वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलेखन करत. एका फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चिन्हांचा कचरा दिसे. ग्रंथच्या ग्रंथ असे अडकून पडले. सुटका झाली ती युनिकोड या सर्वांना खुल्या प्रमाणामुळे आणि ‘लोहित’सारख्या मुक्त फाँटांमुळे. तरीही ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला 2008 उजाडले. राज्यभाषेची ही कथा, तर वारली-कोकणाची कोण वाट पाहणार? बाजाराला या भाषांत नफा दिसत नाही. केंद्राचे ‘आदिवाणी’ हे ॲप 2025 मध्ये आले, तेव्हा त्यात संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी होत्या, वारली नव्हती. जी साधने कुणालाही परवानगीशिवाय वाढवता येतात, त्यांतच वारलीला यायला वाट आहे.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, भिवंडीकडे, वसईकडे. मूल जाते आणि त्याची नोंद मागे राहते. राज्य सरकारने 2022 मध्ये स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली आणली, तिच्या पहिल्या काही जिल्ह्यांत पालघर होता. हे चांगले पाऊल होते. पण राज्याची एक प्रणाली, केंद्राची दुसरी, आरोग्य खात्याची तिसरी, आणि त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत तर भट्टीवरच्या मुलाचा आहार कुठल्या अंगणवाडीच्या यादीत बसायचा? खुली प्रमाणे लागतात ती इथे. केंद्राचे ई-प्रशासनासाठीचे खुल्या प्रमाणांचे धोरण 2010 पासून आहे.

2015 मध्ये केंद्राने आणखी दोन धोरणे जाहीर केली: सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य, आणि सरकारी ॲपांचा स्रोत खुला करणे. हे करता येते, हेही दिसले आहे. कोविडसाठीचे ‘आरोग्य सेतू’ ॲप एप्रिल 2020 मध्ये आले आणि टीका झाल्यावर 26 मेला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा स्रोत खुला झाला. शहरातल्या लोकांनी मागितले, त्यांना दोन महिन्यांत मिळाले.

आता शाळांकडे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार संपला, आणि विंडोज 11 जुन्या संगणकांवर बसत नाही. आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषद शाळांत देणग्यांतून आलेले संगणक बहुधा जुनेच असतात. ते भंगारात जाण्याचे कारण नाही. त्यांवर लिनक्स चालते. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेटवर्कशिवाय पाहता येतात. याच पालघर जिल्ह्यातल्या गावांत आयआयटीच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने कमी खर्चात इंटरनेट पोहोचवून दाखवले आणि 2017 मध्ये मोझिलाचा पुरस्कार मिळवला. जाणकार आहेत, साधने आहेत.

म्हणून मुंबईत बसून हे वाचणाऱ्या आणि सॉफ्टवेअरवर पोट असणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे: पोषण ट्रॅकरचा स्रोत खुला करा, असे महिला व बालविकास मंत्रालयाला 2015 च्या धोरणाचा हवाला देऊन लिहा. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला विचारा, की आश्रमशाळांतले किती संगणक विंडोज 10 वर अडकले आहेत, आणि ते लिनक्सवर आणायला दोन शनिवार द्या. मोखाड्याचे पाणी आपण रोज पितो, तेवढे देणे आपल्याकडे लागते.